डोमेनच्या सेटिंगला हात लावताय? आधी या चुका टाळा

"भाऊ, काल बदललं न जी, अजून जुनीच साइट दिसून राहिली." तालुक्याला बसून वेबसाइटची कामं करतो, त्यामुळे हा फोन ठरलेलाच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जुने रेकॉर्ड (साइट, मेल कुठे आहे याच्या नोंदी) उतरवून न घेता नेमसर्व्हर, म्हणजे त्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, बदलणं. वरूडकडच्या एका शेतकरी कंपनीत हेच झालं. ऐन संत्र्याच्या तोडणीत पोरानं होस्टिंग बदललं आणि नेमसर्व्हरही नवे टाकले. साइट झकास उघडली. पण नव्या जागी फक्त साइटचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड होता, मेल कुठे द्यायचा ते सांगणारा एमएक्स नव्हताच. एमएक्स नसला की मेल साइटच्याच सर्व्हरकडे जातो, आणि तिथे खातंच नसेल तर परत फिरतो. इकडे ऑफिसात समज असा, की व्यापाऱ्यानंच पाठ फिरवली.

मग घाबरून जुने नेमसर्व्हर, संध्याकाळी पुन्हा नवे. इथे खरा घोळ झाला. सगळ्यात वरचे रूट सर्व्हर डॉट कॉमचा पत्ता सांगतात, डॉट कॉमवाले तुमच्या नेमसर्व्हरचा. हे दुसरं उत्तर 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस जपून ठेवायची मुभा असते. त्यामुळे कुणी जुन्याला विचारत होतं, कुणी नव्याला. एकाचा मेल पोचायचा, दुसऱ्याचा परत जायचा. मी नेमसर्व्हर पुन्हा फिरवले नाहीत. जुने सगळे रेकॉर्ड नव्या जागी हातानं भरले. दोन्हीकडून एकच उत्तर मिळायला लागलं आणि हळूहळू मेल सुरळीत झाले.

तेव्हा हात लावण्याआधी ए, एमएक्स, सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा), टीएक्सटी (मजकुराची नोंद) सगळं उतरवून ठेवा. मी वहीत लिहितो, लांबलचक टीएक्सटी तेवढी फाइलमध्ये. स्क्रीनशॉटवर माझा भरवसा नाही, लांब ओळ त्यात हमखास कापली जाते.

दुसरी चूक घाईची. पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरणाऱ्याला काय म्हणावं? टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद जपायचं ती मुदत, 86400 असेल तर जुनं उत्तर दिवसभर टिकणारच. मी आदल्या दिवशीच तो 300 वर आणतो, मग पत्ता बदलतो. बदलतानाच टीटीएल कमी करून फायदा नाही, कारण आधी दिलेल्या उत्तरांसोबत जुनीच मुदत गेलेली असते.

रेकॉर्ड टाकण्याआधी ते नाव उघडून बघू नका. "असं नाव नाही" हे उत्तरही काही काळ साठवलं जातं.

एका डोमेनला दोन एसपीएफ (त्या डोमेनच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी टीएक्सटी) ठेवू नका, एकातच सगळं लिहा.

ब्राउझरवरून निष्कर्ष काढू नका. एनएसलुकअप या कमांडला नेमसर्व्हरचं नाव देऊन थेट त्यालाच विचारा. तिथे बरोबर असेल तर हात बांधून बसा.

आणि डोमेनची नोंदणी त्याच डोमेनवरच्या मेलवर करू नका. मुदत संपून डोमेन बंद पडलं, की तो मेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलायची लिंक यायला जागाच उरत नाही.