सनद मिळाली, आता सिनियर कोण?

डॉक्टरला इंटर्नशिप सक्तीची, सीएला आर्टिकलशिप सक्तीची. वकिलाला तसलं काही नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये सनदेआधीच्या, म्हणजे वकिलीचा परवाना मिळण्याआधीच्या, प्रशिक्षणाची तरतूद होती, ती १९७३ च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नियम करून ती परत आणायचा प्रयत्न केला; १९९९ मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. ऑल इंडिया बार एक्झाम आहे, पण तिथे बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) समोर ठेवून पर्याय निवडायचे असतात. पुरशिस (न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) कशी लिहितात, रोजनामा (प्रकरणात त्या तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद) कसा वाचतात, कोर्टाच्या कार्यालयात नाझरकडे कशासाठी जायचं आणि शिरस्तेदाराकडे कशासाठी, हे त्या परीक्षेत येत नाही. म्हणजे शिकवणारं माणूस आपलं आपणच शोधायचं. घरात वकिली नसेल तर हा शोध हेच पहिल्या वर्षाचं सर्वांत मोठं काम.

शोध ओळखीपाळखीतून सुरू करू नका, कोर्टरूममधून करा. न्यायालय खुलं असतं. एक पंधरवडा तिथे नुसतं बसा, विशेषतः निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जावरचा, युक्तिवाद आणि उलटतपास असेल त्या दिवशी. कोणाच्या फाइलला खुणा लावलेल्या असतात, कोण साक्षीदारावर नुसतं ओरडतं, कोणाचा ज्युनिअर स्वतः उभा राहून बोलतो आणि कोणाचा ज्युनिअर दोन वर्षांनीही फक्त तारीख घेतो, हे तेवढ्यात दिसतं. मग त्या ऑफिसातल्या ज्युनिअरना चहाच्या टपरीवर गाठून एकच प्रश्न विचारा: तुम्ही लिहिलेला ड्राफ्ट सर किंवा मॅडम दुरुस्त करून परत देतात का? की गुपचूप नवा टाइप करून घेतात? दुसरं उत्तर आलं तर नाव कितीही मोठं असो, तिथे जाऊ नये. दहा-बारा ज्युनिअर असलेल्या नामांकित ऑफिसपेक्षा दोन-तीन ज्युनिअर असलेलं, पंधरा-वीस वर्षं वकिली केलेलं आणि दिवाणी-फौजदारी दोन्ही कामं असलेलं ऑफिस सुरुवातीला जास्त उपयोगी पडतं.

पैशांचं पहिल्याच भेटीत बोला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी तेवढे मिळतीलच असं धरून चालू नका. पण निदान प्रवास, झेरॉक्स, कोर्ट फीचे तिकीट यांचा खर्च तुमच्या खिशातून जाणार नाही एवढं तरी ठरवून घ्या. मुलींनी संध्याकाळच्या ऑफिसची वेळ आणि बाहेरगावच्या तारखांना कोण सोबत असेल हेही तेव्हाच विचारावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. सिनियर समोर बसवून शिकवत नाहीत. त्यांना तेवढा वेळ नसतो. ते फाइलवर शिकवतात, म्हणून फाइल वाचून जायची. एक उदाहरण बघा. शेतजमिनीच्या दाव्यात मनाई हुकुमाचा अर्ज लिहायला सांगितला. नवा वकील तीन पानं प्रतिवादी किती आडदांड आहे यावर लिहितो आणि मिळकतीचं वर्णन ७/१२ वरून दोन ओळींत उरकतो. सिनियरची लाल शाई नेमकी त्या दोन ओळींवर थांबते. ७/१२ वर गट नंबर, क्षेत्र, आकार असतो; चतुःसीमा नसतात. गटातला काहीच भाग वादात असेल तर चतुःसीमा खरेदीखतातून किंवा मोजणीच्या नकाशातून घ्याव्या लागतात. त्या चुकल्या तर आज कोणी बोलणार नाही, पण पुढे दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, बेलिफ जागेवर गेला की कब्जा नेमका कशाचा द्यायचा, हा प्रश्न उभा राहतो आणि जिंकलेला दावा तिथे अडकतो. दुसरी लाल रेघ ‘दाव्यास कारण’ या परिच्छेदावर: तारीख नाही, ठिकाण नाही. आणि तिसरी शेवटी, कारण प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान या मनाईसाठी दाखवाव्या लागणाऱ्या तिन्ही गोष्टींपैकी एकीचा उल्लेखच राहिलेला असतो. असा दुरुस्त झालेला ड्राफ्ट फेकू नका. तारीख घालून वेगळ्या फाइलीत लावा आणि पुढचा ड्राफ्ट लिहिण्याआधी वाचा.

उलटतपासाचंही तसंच. सरतपासाचं (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबानीचं) प्रतिज्ञापत्र आदल्या दिवशी घरी न्या, स्वतःचे दहा प्रश्न लिहा, आणि दुसऱ्या दिवशी सिनियर काय विचारतात ते शेजारी टिपत जा. जो प्रश्न तुम्ही लिहिला होता पण त्यांनी मुद्दाम विचारला नाही, त्याबद्दल संध्याकाळी विचारा. बहुतेक वेळा उत्तर असं असतं की साक्षीदाराला खुलासा करायची संधी मिळाली असती. कुठे थांबायचं हे पुस्तकातून कळत नाही.

विचारायचीही वेळ असते. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) सुरू व्हायच्या आधी नाही, पक्षकारासमोर तर अजिबात नाही. दिवसभरातले तीन-चार प्रश्न वहीत लिहून ऑफिस बंद होताना एकदम विचारा, आणि तत्पूर्वी कलम स्वतः वाचलेलं असू द्या.

मुदती मात्र सिनियरच्या भरवशावर सोडू नका, त्या ज्युनिअरच्या डायरीतच हव्यात. कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) समन्स बजावल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने कारणं नोंदवून वाढवले तर ९० दिवसांपर्यंत. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस; नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण तुम्ही नकलेचा अर्ज करायला घालवलेले दिवस वजा होत नाहीत. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज, मग पक्षकार अपील करो वा न करो.

नातं एकतर्फी ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि वीस-तीस वर्षं जिभेवर बसलेली कलमं बदलली. खून ३०२ चा १०३ झाला, अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२, खावटी १२५ ची १४४, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र ६५-बी ऐवजी कलम ६३ खाली. ज्युनिअरने असा तक्ता टेबलाच्या काचेखाली लावला, ई-कोर्ट्सवर उद्याचं बोर्ड बघून आदल्या रात्री फाइली काढून ठेवल्या, की सिनियरही आपणहून दोन गोष्टी जास्त सांगतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे. सिनियर तिकडे असतील त्या दिवशी खालच्या कोर्टातलं काम तयारीच्या ज्युनिअरकडे येतं, बिनतयारीच्या ज्युनिअरकडे फक्त मुदतीचा अर्ज येतो.

बिघडतं कुठे, तर बहुधा पक्षकारावरून. सिनियरच्या पक्षकाराकडून परस्पर फी घेतली किंवा त्याला आपला नंबर देऊन वेगळं काम धरलं, की विश्वास संपतो, आणि तालुक्याच्या बाररूममध्ये ही बातमी दुपारच्या सुट्टीपर्यंत पोचते. दुसरं, दर सहा महिन्यांनी ऑफिस बदलणं. दिवाणी दावा दाखल झाल्यापासून पुराव्यापर्यंत यायलाच त्याहून जास्त काळ लागतो, मग पूर्ण दावा बघणार कधी? तीन महिने बघून ऑफिस पटलं नाही तर खुशाल सोडा. पटलं तर दोन वर्षं टिका. सोडताना महिनाभर आधी सांगा आणि प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख, टप्पा, राहिलेलं काम आणि नकलेच्या अर्जांचे नंबर लिहून द्या.

न्यायाधीश व्हायचं असेल तर आणखी एक काळजी घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि त्यासाठी किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र न्यायिक अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर सिनियरसोबत स्वतःचंही नाव आणि सही असू द्या, आणि स्वतः हजर राहून काम चालवलंत तर रोजनाम्यात तुमचं नाव आलंय का, हे संध्याकाळी तपासा.