तीन व्हॉल्व्हच्या ट्युबावर खर्जातले फॉल्स टोन कसे काढावेत

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास खान्देशात लग्नाची तिथ दाट असते. बँडमध्ये ट्युबा, म्हणजे खर्ज धरणारं मोठं पितळी वाद्य, बहुतेक तीन व्हॉल्व्हचा (बोटांनी दाबायच्या झडपांचा), काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीवर सा असणारा. चाल खर्जात उतरली की वाजवणारा एक सप्तक वर निघून जातो, कारण खाली सूरच नाहीत असं त्याला शिकवलेलं असतं. मलाही तसंच शिकवलं होतं आणि मी कित्येक वर्षं तेच मानत आलो. सूर आहेत, फक्त ते बोटांपेक्षा ओठांनी काढावे लागतात.

आधी हिशेब समजून घ्या. काहीही न दाबता जो नेहमीचा सा वाजतो, तिथून खाली उतरा: दुसऱ्या व्हॉल्व्हवर नी, पहिल्यावर कोमल नी, पहिला-दुसरा दाबून ध, दुसरा-तिसरा दाबून कोमल ध, पहिला-तिसरा दाबून प, आणि तिन्ही दाबले की तीव्र म. इथे नळीची लांबी संपते. त्याखाली एकदम खर्जाचा सा लागतो, तोही सगळे व्हॉल्व्ह मोकळे ठेवून. मधले म, ग, कोमल ग, रे आणि कोमल रे असे पाच सूर गायब. चौथा व्हॉल्व्ह असतो तो हीच जागा भरायला. १८३५ साली बर्लिनमध्ये पेटंट झालेल्या पहिल्या बास ट्युबाला तर पाच व्हॉल्व्ह होते.

फॉल्स टोन म्हणजे नळीतून आपसूक निघणाऱ्या सुरांच्या नेहमीच्या मालिकेत न बसणारे, तरीही बऱ्याच ट्युबांवर धरता येणारे सूर. बोटं नवी शिकावी लागत नाहीत, वरचाच क्रम परत येतो. मोकळ्यावर म, दुसऱ्यावर ग, पहिल्यावर कोमल ग, पहिला-दुसरा दाबून रे, दुसरा-तिसरा दाबून कोमल रे.

सुरुवात वाद्यापासून करा. हवा गळत असेल तर खालचे सूर लागणारच नाहीत. एकेका व्हॉल्व्हची सरकनळी व्हॉल्व्ह न दाबता थोडी बाहेर ओढा, क्षणभर थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर ठीक. पाणी काढायच्या चावीचं बूचही बघा. माझ्या ट्युबाचं बूच एका कडेला झिजलं होतं. आठ दिवस मी ओठांनाच दोष देत बसलो. सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून तिथे चिकटवला आणि त्याच संध्याकाळी म लागला.

आता सूर कानात बसवा. पेटीवर काळी दोन वाजवा, आ लावा, मग तोच सूर मनात एक सप्तक खाली न्या. ही पायरी गाळू नका. कानात म नसेल तर ओठ वरच्या सा वर उडतात नाहीतर खर्जाच्या सा वर कोसळतात, कारण तिथे नळी त्यांना ओढून घेते. म ला तसा भक्कम आधार नसतो.

मग तिन्ही व्हॉल्व्ह दाबून तीव्र म लांब धरा. हवा तशीच चालू ठेवून सूर ओठांनीच किंचित खाली झुकवा आणि झुकता झुकता तिन्ही बोटं एकदम उचला. या वेळी जबडा खाली सोडलेला, दातांत चांगलं अंतर, तोंडाचे कोपरे घट्ट पण ओठांचा मधला भाग सैल असावा. माऊथपीस ओठांवर दाबू नका. आरसा पुसायला आपण त्यावर वाफ सोडतो तशी ऊबदार, संथ आणि भरपूर हवा सोडा. जोराने फुंकलं की सूर वर पळतो. पहिल्यांदा खरखरीत, भोकाड पसरल्यासारखा आवाज येईल, तो येऊ द्या. म चार मात्रा स्थिर राहायला लागला की ग घ्या. कोमल रे सगळ्यात शेवटी, तो फार हट्टी आहे.

रोज दहा मिनिटं पुरेत. त्याहून जास्त केलं तर ओठ सैल पडून वरचे सूर बिघडतात, म्हणून शेवटी दोन मिनिटं वरच्या सप्तकात वाजवा. तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी पाचवर लावून सूर जुळवा. मे महिन्यात भुसावळला पारा ४४ च्या वर जातो आणि गरम हवेने अख्खं वाद्य चढतं. बाकी सूर मुख्य सरकनळी ओढून उतरवता येतात, पण फॉल्स टोन इतके लवचिक असतात की तेवढ्याने भागत नाही, प्रत्येक वेळी कानानेच बसवावे लागतात. काही ट्युबांवर हे सूर दणदणीत लागतात, काहींवर कितीही केलं तरी अंधुक राहतात. तो वाद्याच्या घडणीचा भाग आहे.

वरातीत चालताना हे सूर मी वाजवत नाही, पावलाच्या धक्क्याने ते सुटतात. एका जागी उभं राहून, संथ चालीत, लांब धरायच्या सुरासाठी ते ठेवावेत. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पारख करू नका. हा म जेमतेम ३९ हर्ट्झचा, फोनच्या स्पीकरमधून तो धड बाहेरच पडत नाही. मी केळीच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतो. म नीट बसला की मागचा पत्रा गुणगुणायला लागतो, तळहात टेकवला तर थरथर हाताला कळते.