मेंदूत चिप असलेल्या माणसाची गोष्ट लिहायचीय? मग हे वाचा

चिप बसवली की हिरोला सगळ्यांच्या मनातलं ऐकू यायला लागतं, मग सरकार मागे लागतं, शेवटी तो चिप उपटून फेकतो... असलं काही डोक्यात असेल तर राहू द्या, लय झालंय ते.

आधी चिप नक्की काय करते ते ठरवा. खऱ्या चिपा असं सगळं मनातलं वाचत नाहीत ओ. बहुतेकदा हात हलवणारा मेंदूचा जो भाग आहे तिथं बारीक इलेक्ट्रोड (विजेचा सिग्नल टिपणारी टोकं) रुतवतात, आणि हात लुळा असला तरी माणूस बोट हलवायला गेला की तिथल्या पेशी जो सिग्नल सोडतात तो कॉम्प्युटर पकडतो, बास. २००४ ला ब्रेनगेट नावाच्या अमेरिकन ट्रायलमधे एका लुळ्या माणसाने असाच कर्सर हलवला होता, इलेक्ट्रोडचं पॅड जेमतेम ४ मिलीमीटरचं. इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मधे पहिल्या माणसाला चिप बसवली त्यात १०२४ इलेक्ट्रोड, आणि मेंदूत पेशी ८६ अब्जच्या आसपास. आता बोला, मन कुठनं वाचणार?

पण गोष्ट इथंच सापडते. समजा सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, ट्रॅक्टरवरनं पडून मानेचा मणका गेलेला, हात लुळे, व्हीलचेअरवर सौद्याला येतो. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरायचा ना, ती पद्धत तुमच्या गोष्टीत परत आणा. रुमालाखाली याचा चिपवर चालणारा यांत्रिक हात. तीन बोटं दाबली, सौदा ठरला, सगळे चहाला गेले. संध्याकाळी भाचा लॅपटॉपवर चिपचं रेकॉर्ड बघतो आणि म्हणतो, "मामा, चौथं बोट पण दाबायला निघाला होता की तुम्ही." मामाचा चेहरा बघा आता. दाबलेलं बोट सगळ्या यार्डाला माहितीय, आवरतं घेतलेलं फक्त भाच्याला, आणि भाच्याला स्वतःची पेढी काढायचीय.

ऑपरेशनवर पानं घालवू नका. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे आत सुई गेली आणि किंचाळला वगैरे नको.

बिघाड मात्र खरे घ्या. सिग्नल दिवसागणिक सरकतो म्हणून यंत्राला पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं, म्हणजे सौद्याआधी मामा रोज सकाळी "अंगठा, पहिलं बोट" करत बसणार आणि मामी नाश्ता गार होतोय म्हणून ओरडणार. न्यूरालिंकच्या त्या पहिल्या पेशंटच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या बऱ्याच तारा काही आठवड्यांत मागे सरकल्या होत्या, मग सॉफ्टवेअर बदलून काम चालवलं. चार्जिंग पण लागतं, २०१९ सारखा पूर आणून चार दिवस लाईट घालवा, बघा काय होतं. आणि कंपनीच बसली तर? डोळ्यात बसवायचं यंत्र करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने खरंच हात वर केले, लोकांच्या डोळ्यात यंत्र तसंच राहिलं. मामाची चिप दुरुस्त करायला कोण येणार, पुण्यावरनं?

लिहून झालं की यार्डातल्या एखाद्या हमालाला वाचून दाखवा. चिपचं नाही कळलं तरी चालतंय, पण पोत्याचं वजन चुकलं असेल तर तो तिथंच धरेल.