प्लास्टरचा साचा खरेदीतच बिघडतो: या चुका टाळा

सिरॅमिकच्या साच्याचा घोळ बहुतेक वेळा सामान आणतानाच झालेला असतो. प्लास्टर पाण्यात पडलं की हाताशी मोजकी मिनिटं उरतात. तेव्हा क्लॅम्प शोधत फिरता येत नाही.

सगळ्यात महाग पडते ती प्लास्टरची निवड. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘पीओपी द्या’ म्हटलं की बहुधा सीलिंगचा किंवा भिंतीचा माल हातात येतो. भिंतीच्या जिप्सम प्लास्टरमध्ये गोठणं लांबवणारी द्रव्यं घातलेली असतात, कारण कारागिराला हात फिरवायला वेळ हवा असतो. आपल्याला हवा पाणी शोषणारा साचा. स्लिप, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेली माती, ओतली की साच्याने तिच्यातलं पाणी ओढायचं आणि कडेला मातीचा थर धरायचा, एवढ्यावर सगळं काम चालतं. खुर्जा, थानगढकडचे कारखाने याच तत्त्वावर माल काढतात. म्हणून सिरॅमिकचा कच्चा माल विकणाऱ्याकडे जाऊन ‘पॉटरी प्लास्टर’ असंच मागा.

स्वस्तात मिळते म्हणून पावसाळा काढलेली गोणी उचलू नका. प्लास्टर हवेतली ओल पितं. कोकणात आणि मुंबईत तर फारच लवकर. बोटांनी न फुटणारे खडे दिसले तर गोणी परत करा. शंका असेल तर १०० ग्रॅम प्लास्टर ७० मिली पाण्यात कालवून बघा. तासाभरानंतरही नख सहज रुतत असेल तर तो माल साच्याच्या कामाचा नाही. चांगलं प्लास्टर घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवा.

वजनकाटा यादीत नसतोच, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी घ्यावा. साधारण प्रमाण १ किलो प्लास्टरला ७०० मिली पाणी. गोणीवर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. एवढ्यातून लिटरभराहून थोडं जास्त मिश्रण होतं, त्यावरून किती प्लास्टर लागेल याचा हिशोब आधीच मांडा. अंदाजाने ओतलं तर दोन भागांच्या साच्याचा एक भाग जास्त शोषतो, दुसरा कमी, आणि भांड्याची भिंत एका बाजूला जाड होते.

प्लास्टर चिकटू नये म्हणून व्हॅसलिन किंवा तेल लावून भागवू नका, त्याने साच्याची छिद्रं बुजतात. पोटॅशचा मऊ साबण आणा. साच्याच्या पहिल्या भागावर तो दोन-तीन वेळा लावून पुसा, मगच दुसरा भाग ओता. नाहीतर दोन्ही कायमचे चिकटतील. मॉडेल, म्हणजे जिचा साचा काढायचा ती मूळ वस्तू, लाकडी असेल तर आधी चपडीचा (शेलॅकचा) हात द्या. ओल्या मातीच्या मॉडेलला काहीच लागत नाही.

प्लास्टर ओतायच्या चौकटीसाठी सनमायका लावलेल्या फळ्या, त्या आवळायला जी-क्लॅम्प आणि सांधे बुजवायला मातीच्या वळ्या घ्या.

बादली लवचीक प्लास्टिकची हवी, म्हणजे उरलेलं प्लास्टर वाळल्यावर दाबून पाडता येतं. कडेचे जुने कण नव्या मिश्रणात गेले तर ते फार झटकन गोठतं. ती बादली बेसिनमध्ये कधीही धुऊ नका, पाइप कायमचा तुंबेल. प्लास्टरची हत्यारं मातीच्या हत्यारांत मिसळू नका. मातीत गेलेला खडा भट्टीनंतर ओल पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. धुळीसाठी मास्क घ्या. गोठताना प्लास्टर चटका बसण्याइतकं तापतं, तेव्हा हात त्यात रुतवून ठेवू नका.

वाळवणीची जागाही सामानातच धरा: जाळीचा रॅक आणि पंखा. ५० अंशांच्या वर तापवलं तर साचा भुसभुशीत होतो, म्हणून ओव्हन नको.