मोबाइलवर फोटो शिकायचेत? आधी दहा छापून आणा

आजी गेली तेव्हा दहाव्याच्या आत फ्रेम हवी होती. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मिळून हजारो फोटो. पण आजी एकटी, समोर बघणारी, असा एकच सापडला. तोही फॅमिली ग्रुपवर आलेला. लॅबमध्ये जाऊन 12 बाय 18 ची प्रिंट सांगितली. काउंटरवरच्या मुलाने फाइल उघडली आणि विचारलं, "ताई, ओरिजिनल नाही का?" ओरिजिनल म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. प्रिंट आली तर आजीचे डोळे म्हणजे दोन भुरकट ठिपके आणि कपाळावरचं गोंदण गायब. मोबाइलच्या ब्युटी फिल्टरने ते डाग समजून पुसून टाकलं होतं.

तिथून माझं शिकणं सुरू झालं. आता अमळनेरच्या आसपास बारसं, डोहाळजेवण असे घरगुती कार्यक्रम मी मोबाइलवरच काढून देते. कुणी शिकायला आलं की पहिल्या आठवड्यातच दहा फोटो छापून आणायला लावते. स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात. चुका कागदावर कळतात.

हिशोब सोपा आहे. चांगल्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे 4 बाय 6 ला 1200 बाय 1800 लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. छोट्या प्रिंटला तो कसाबसा चालतो, पण 18 इंचांवर ताणला तर इंचाला 90 पिक्सेलही उरत नाहीत. आजीचं तेच झालं. तोच 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो 4000 बाय 3000 चा असतो. म्हणून फोटो मागवायचा तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. आयफोनवाल्यांनी लॅबला जाण्याआधी फाइल जेपीजी करून घ्यावी. आयफोनची एचईआयसी प्रकारातली फाइल प्रत्येक दुकानात उघडेलच असं नाही.

आता काढण्याबद्दल. लेन्स रुमालाने पुसा. हसू नका, निम्मे धुरकट फोटो तेवढ्याने सुधारतात. ब्युटी फिल्टर कायमचा बंद करा, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू ठेवा, बोटांनी झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा.

उजेडाचा खरा धडा मला कानबाईने, आमच्या खानदेशातल्या देवीने दिला. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, भोवती रंगीत लाइटिंगच्या माळा आणि मध्ये सजवलेला नारळ. मोबाइल अंधारी भिंत बघून उजेड वाढवतो आणि कानबाईचं तोंड पांढरंफटक होतं. उपाय असा: तोंडावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो, मग सूर्याचं चिन्ह हळूहळू खाली ओढा. नथीतला मोती वेगळा दिसला की थांबा. मागे थोडा अंधार राहिला तर राहू दे.

भरीत पार्टीतही तीच युक्ती, फक्त हात स्थिर हवा. रात्री शेतात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजली जातात, तेव्हा नाइट मोड दोन-तीन सेकंद घेतो आणि तेवढ्यात हात हलतोच. मी मोबाइल बाजेच्या कठड्याला टेकवते, तीन सेकंदांचा टायमर लावते आणि जाळाभोवतीच्या मंडळींना 'श्वास रोखा' म्हणते. (कुणी रोखत नाही, पण हसतात, तो फोटो चांगला येतो.)

मे महिन्यात दुपारी फोटो काढायला निघू नका. पारा 45 च्या घरात गेला की मोबाइल तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते, कधी कॅमेराच बंद पडतो. आणि डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या येतात. एका काकूंनी प्रिंट हातात घेऊन विचारलं, "मना चेहरा इतला काया का दिखस?" तेव्हापासून मी माणसांना ओसरीत किंवा निंबाखाली बसवते, तोंड उजेडाकडे करून.

एडिटिंगला स्नॅपसीड ॲप पुरेसं आहे आणि फुकट आहे. आधी फोटो सरळ करा, मग कापा, मग उजेड, शेवटी रंग. रंगाला हात जपून लावा. सुरुवातीला मी आपली हिरवी भरताची वांगी इतकी हिरवी केली होती की प्लास्टिकची वाटत. एडिट झाल्यावर दहा मिनिटं मोबाइल ठेवून द्या. परत बघितल्यावर रंग भडक वाटला तर निम्मा कमी करा. आणि मूळ फोटोवर सेव्ह करू नका, कॉपी काढा.

मोबाइलमधले फोटो नीट लावून ठेवण्याचं काम कंटाळवाणं, पण ते टाळूनच मी आजीचा ओरिजिनल गमावला. मोबाइल भरला म्हणून कुणीतरी एकदम चारशे फोटो उडवले, त्यात तो गेला. आता कार्यक्रम झाला की त्याच रात्री सारखे-सारखे फोटो पुसते आणि '2024-08 कानबाई' अशा नावाचा अल्बम करते. वर्ष-महिना आधी असला की क्रम आपोआप लागतो. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून बंद झाली, आता जीमेल-ड्राइव्ह धरून 15 जीबी मिळतात. म्हणून दर महिन्याला ओटीजी (मोबाइलला पेनड्राइव्ह जोडायची पिन) लावून पेनड्राइव्हवर एक कॉपी. एक सावधगिरी: बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून डिलीट केलेला फोटो मोबाइल आणि क्लाउड (गूगलकडची कॉपी) दोन्हीकडून जातो. कचरापेटीत तो 60 दिवस असतो, तेवढ्यात शोधा.

प्रिंटला देताना दोन गोष्टी नडतात. मोबाइलचा फोटो 4:3, कागद 4 बाय 6 म्हणजे 3:2, त्यामुळे आडव्या फोटोत वरखाली कापलं जातं. एका साखरपुड्यात मामांचा फेटा असाच उडाला. डोक्यावर जागा सोडून काढा, आणि 3:2 मध्ये आपणच कापून न्या. दुसरं, पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो कागदावर काळपट येतो. स्क्रीन निम्म्यावर ठेवून एडिट करा. फ्रेमसाठी मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर खिडकी चमकते.

आजीचा त्याच दिवशीचा एक फोटो सुरतच्या मावसबहिणीच्या मोबाइलमध्येही होता, वर्षभराने कळलं. तिने डॉक्युमेंट म्हणून पाठवला. लॅबमधल्या त्याच मुलाने माउस कपाळावर नेला आणि म्हणाला, "हे हिरवे डाग काढू का?"

"हात लावू नकोस," म्हटलं, "आणि 8 बाय 12 मॅटवर दे."