रक्तदाबाच्या गोळ्या: त्या काय करतात आणि त्रास झाल्यास काय करावे

रक्तदाबाची गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागली, की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते: एक तर गोळी परस्पर बंद केली जाते, नाहीतर सूज उतरावी म्हणून दुकानातून लघवीची गोळी आणली जाते. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. या औषधांचे बहुतेक दुष्परिणाम औषध शरीरात जे काम करते त्यातूनच उद्भवतात; ते काम ठाऊक असेल, तर कोणत्या त्रासाने घाबरू नये, कोणता डॉक्टरांच्या कानावर घालावा आणि कोणत्या वेळी थेट रुग्णालय गाठावे, हे बरेचसे आपले आपल्याला ओळखता येते.

सुरुवात गोळ्यांच्या पाकिटापासून करावी. ब्रँडचे नाव बाजूला ठेवून मूळ औषधाचे नाव वाचावे, कारण त्याच्या शेवटावरून गट कळतो: अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन ही ‘डिपिन’वाली, एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही ‘प्रिल’वाली, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही ‘सार्टन’वाली, मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही ‘लॉल’वाली. ब्रँडच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर बहुधा त्यात अ‍ॅम्लोडिपिन मिसळलेले असते आणि ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध. हे वाचण्याची सवय नसल्यामुळे एका डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन आणि दुसऱ्यांनी दिलेली टेल्मिसार्टन-एएम अशा दोन्ही गोळ्या एकच माणूस निष्ठेने घेत राहतो, असे घडू शकते.

आता घोट्यांच्या सुजेकडे वळू. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंना आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियम लागते आणि अ‍ॅम्लोडिपिन हे कॅल्शियम स्नायूपेशींत शिरू देत नाही. (हाडांच्या कॅल्शियमशी किंवा दुधाशी याचा काही संबंध नाही, दूध बंद करण्याची गरज नाही.) त्यामुळे बारीक धमन्या सैलावतात आणि दाब उतरतो, परंतु पुढच्या शिरा तितक्या सैलावत नसल्याने मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि त्यातील द्रव आजूबाजूला झिरपून दिवसभरात पायांकडे उतरतो. शरीरात पाणी साठल्यामुळे आलेली ही सूज नसते, म्हणूनच लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमच्या मात्रेत ती अधिक आढळते. त्यामुळे डॉक्टर मात्रा कमी करतात, जोडीला एखादे सार्टन देतात किंवा औषध बदलतात. मात्र सूज एकाच पायाला असून पोटरी दुखत असेल, किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, तर दोष गोळीच्या माथी मारून थांबू नये. त्याच दिवशी तपासून घ्यावे.

अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. निम्मे होण्यास त्याला ३० ते ५० तास लागतात. साहजिकच पूर्ण परिणाम दिसण्यास आठवडाभर तरी लागतो आणि तिसऱ्या दिवशी दाब मोजून ‘ही गोळी लागू पडत नाही’ असा निकाल देण्यात अर्थ नसतो. एखाद्या दिवशी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

प्रिल गटाची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-२ हा पदार्थ तयार करणारे विकर (एन्झाइम) रोखतात. हेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाची विल्हेवाटही लावत असते. ते अडले की ब्रॅडिकायनिन साचते आणि घशात कोरडी ढास सुरू होते. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला हा त्रास होतो. कफ नाही, ताप नाही, तरीही खोकल्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या होत असतील, तर आधी पाकिटावरचे नाव पाहावे. डॉक्टरांनी औषध बदलल्यावर हा खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, तर मात्र पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालयात जावे, आणि प्रिल गटातील कोणतेही औषध पुन्हा कधी घेऊ नये.

सार्टन औषधे अँजिओटेन्सिनला त्याच्या बसण्याच्या जागीच अडवतात, म्हणून त्यांनी खोकला क्वचितच येतो. पण प्रिल असो वा सार्टन, दोन्हींमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी. ‘कमी सोडियमचे मीठ’ आरोग्यदायी समजून आणले जाते; त्यात सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियमच असते, तेव्हा ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. गरोदरपणात हे दोन्ही गट वर्ज्य आहेत. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच सांगावे. टेल्मिसार्टनची गोळी हवेतील ओल चटकन शोषते, म्हणून आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवण्याची एरवी चांगली असलेली सवय इथे, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, सोडून द्यावी आणि गोळी घेतानाच पाकिटातून काढावी.

क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यावी. वृद्ध व्यक्ती ती घेत असताना अचानक गोंधळल्यासारखी बोलू लागली, तर रक्तातील सोडियम तपासावे. लॉल गटाने नाडी मंदावते; मधुमेहींमध्ये साखर उतरल्यावर होणारी धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो, आणि तीच खूण ध्यानात ठेवावी. दम्याचा त्रास असल्यास तो आधीच सांगावा. लॉल गटाची गोळी एकाएकी बंद केल्यास छातीत दुखू लागण्याचा धोका असतो, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी.

गुडघेदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनकडे मात्र फारसे कोणी संशयाने पाहत नाही. या गोळ्या शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात आणि दाब वाढवतात. सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंडावर मोठा ताण येतो. जुलाब-उलट्या होत असताना हा धोका आणखी वाढतो. अशा वेळी कोणती गोळी थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना नुसते ‘गोळी सोसत नाही’ असे सांगण्याऐवजी त्रास केव्हा सुरू झाला, तो गोळी घेतल्यापासून किती वेळाने होतो, आणि पाच मिनिटे शांत बसून घेतलेली दाबाची मोजमापे वहीत लिहून न्यावीत. उठताना भोवळ येत असल्यास उभे राहून घेतलेले मोजमापही असावे. औषधामुळे झालेला त्रास रुग्णाला स्वतःही भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येतो. तिथे औषधाचे नाव सांगावे लागते, म्हणून रिकामे पाकीट लगेच टाकून देऊ नये.