इटालियनची प्रगत पातळी: विद्यापीठात अभ्यास कसा करावा

युरोपीय भाषांच्या क्षमतेसाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्यांची जी चौकट वापरतात, तिच्यात बी-२ ओलांडून सी-१ कडे निघालेल्या विद्यार्थ्याला एक विचित्र अनुभव येतो. व्याकरणाचे पुस्तक संपलेले असते, रूपे पाठ असतात, आणि तरीही लिहिलेला निबंध लाल शाईने भरून परत येतो. या टप्प्यावर नवे नियम थोडेच उरलेले असतात. दोन्ही रूपे शुद्ध असताना कोणते कुठे शोभते, हे ठरवणे मात्र पुष्कळ उरलेले असते. विद्यापीठातील अभ्यासाची आखणी या निवडीभोवती करावी, असे माझे मत आहे.

सुरुवात 'कोन्जुन्तिवो' पासून, म्हणजे कल्पना, शंका किंवा इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपापासून करावी. मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात. कोन्जुन्तिवो त्यांपैकी एकाशीही नेमका जुळत नाही, म्हणून तो तक्त्यातून न शिकता वाक्यांच्या जोड्यांतून शिकावा. 'चेर्को उन सेग्रेतारियो के साप्पिया इल तेदेस्को' म्हणजे जर्मन येणारा कोणीतरी सचिव मला हवा आहे, तो मिळेल की नाही हे ठाऊक नाही; 'चेर्को इल सेग्रेतारियो के सा इल तेदेस्को' म्हणजे जर्मन येणारा जो सचिव आहे, त्यालाच मी शोधतो आहे. 'साप्पिया' आणि 'सा' एवढ्या फरकाने माणूस कल्पनेतला की प्रत्यक्षातला हे ठरते. काही ठिकाणी मात्र अर्थाचा आधार मिळत नाही, तिथे केवळ रूढी चालते: 'जरी' या अर्थाच्या 'बेन्के' नंतर कोन्जुन्तिवो येतो, आणि जवळजवळ त्याच अर्थाच्या 'आन्के से' नंतर साधे क्रियापद. अशा जोड्यांची एक वही पहिल्या आठवड्यापासून ठेवावी.

काळांच्या अनुक्रमाने मला स्वतःला बराच काळ छळले. 'तो येईल असे म्हणाला' या वाक्यात मराठी भाषा मूळ बोलणाऱ्याचा भविष्यकाळ जसाच्या तसा ठेवते. इटालियनमध्ये भूतकाळातून पुढे पाहायचे असेल, तर संयुक्त 'कोन्दित्सियोनाले' (सहायक क्रियापद घेऊन होणारा, संकेतार्थासारखा अर्थ) लागतो: 'दिस्से के सारेब्बे वेनूतो'. मी पहिल्या लेखी परीक्षेत प्रत्येक ठिकाणी साधे 'वेर्रेब्बे' लिहिले होते आणि प्रत्येक ठिकाणी ते खोडले गेले. 'सारेब्बे वेनूतो' वरून तो माणूस पुढे आला की नाही हे मुळीच कळत नाही. ते पुढच्या वाक्याने सांगायचे असते. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की अर्ध्या चुका आपोआप थांबतात.

'पास्सातो रेमोतो' हा भूतकाळ बोलताना उत्तर इटलीत क्वचितच ऐकू येतो, दक्षिणेत तो अधिक जिवंत आहे. पण इतिहासाचे आणि कथेचे लेखन त्याच्याशिवाय वाचता येत नाही. त्याची अनियमित रूपे पाठ करताना सहाच्या सहा घोकू नयेत. 'लिहिणे' या क्रियापदाची 'स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो' ही रूपे पाहिली, तर बदल फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी आहे. बहुतेक अनियमित क्रियापदे हाच साचा पाळतात, म्हणून पहिले रूप आले की बाकीची बनवता येतात.

शब्दसंग्रहासाठी सुट्या शब्दांच्या याद्या निरुपयोगी ठरतात. त्याऐवजी 'फारे' म्हणजे 'करणे' हे क्रियापद आपल्या निबंधातून हाकलून देण्याचा सराव करावा. बोलताना चूक 'फारे' केली तरी चालते, लिहिताना ती 'कोम्मेत्तेरे' करतात. प्रश्न 'पोर्रे' करतात, भाषण 'प्रोनुन्चारे' करतात. द्वैभाषिक कोश या टप्प्यावर बाजूला ठेवावा आणि इटालियन-इटालियन कोशाची सवय लावावी. 'त्रेक्कानी'चा कोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो. विशेषणाच्या जागेकडेही लक्ष असावे: 'उन वेक्क्यो आमिको' हा जुना मित्र, आणि 'उन आमिको वेक्क्यो' हा वयाने म्हातारा मित्र.

उच्चारांबाबत मराठी भाषकाला थोडेच सांगावे लागते. इटालियन 'त' आणि 'द' हे आपलेच दंत्य वर्ण आहेत, त्यांचे इंग्रजी वळणाने 'ट' आणि 'ड' करू नयेत. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा, हा भेद जोडाक्षरांची सवय असलेल्या जिभेला सहज जमतो. आघात मात्र मुद्दाम ऐकावा लागतो, कारण 'आन्कोरा' या एकाच लेखनात पहिल्या स्वरावर आघात दिल्यास नांगर आणि दुसऱ्यावर दिल्यास 'अजून' असा अर्थ होतो.

भाषेचा इतिहास हा विषय अनेकजण केवळ गुणांसाठी घेतात, ही चूक आहे. इटलीचे एकीकरण 1861 मध्ये झाले, पण लिखित इटालियनचा आदर्श त्याआधी तीन शतकांहून जुना होता: पिएत्रो बेम्बो या विद्वानाने 1525 मध्ये चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सच्या भाषेची बाजू मांडली, 1583 मध्ये फ्लोरेन्समध्ये 'आक्कादेमिया देल्ला क्रुस्का' ही भाषेची संस्था स्थापन झाली आणि 1612 मध्ये तिचा कोश छापला गेला. 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. पीठ आणि कोंडा वेगळे करणे हे त्या मंडळींनी आपले काम मानले. लेखणीची भाषा अशी एका शहराच्या जुन्या बोलीवर बांधलेली, आणि घरोघरी मात्र लॅटिनमधूनच स्वतंत्रपणे वाढलेल्या बोली. बोलण्यातले आणि लिहिण्यातले इटालियन आजही इतके दूर का, याचे एक मोठे कारण इथे सापडते. जुने साहित्य वाचताना ओळखीच्या शब्दांपासूनच अधिक सावध राहावे. कवी दान्तेच्या (1265–1321) काळात 'जेन्तीले' म्हणजे नम्र नव्हे, तर उदात्त. आणि 'पारे' म्हणजे नुसते 'भासते' नव्हे, तर 'स्पष्टपणे प्रकट होते'. त्यामुळे जो शब्द कळला असे वाटते, तोही टीपेत पाहून घ्यावा.

इटलीतील विद्यापीठात शिकायचे असल्यास सिएना आणि पेरुजा येथील परदेशीयांसाठीच्या विद्यापीठांच्या अनुक्रमे 'चिल्स' आणि 'चेली' या इटालियन भाषेच्या परीक्षांची तयारी वेळेवर करावी. इटलीतील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक परीक्षेचे गुण 30 पैकी असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 18 लागतात. पुष्कळ परीक्षा तोंडी असतात, आणि लेखी परीक्षेवर वाढलेला विद्यार्थी तिथेच गडबडतो. त्यासाठी रोज एका विषयावर टिपणे न पाहता दहा मिनिटे बोलावे, ते ध्वनिमुद्रित करावे, आणि 'चोए', म्हणजे 'म्हणजे', किती वेळा आले ते मोजावे. परीक्षक बहुधा 'मी पार्ली दी...', म्हणजे 'मला अमुक विषयाबद्दल सांगा', असे म्हणून सुरुवात करतात. त्यातील 'पार्ली' हे रूप कोन्जुन्तिवोचेच आहे, कारण आदरार्थी 'लेई' ला आज्ञा करताना तेच वापरतात. उत्तर देतानाही शेवटपर्यंत 'लेई' च ठेवावे. घाईत तोंडून 'तू' निघाले, तर लगेच 'मी स्कूझी' म्हणून वाक्य दुरुस्त करावे आणि पुढे बोलत राहावे.